‘दुखापतीमुळे माघार’ एवढ्यावर बातमी संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टेनिसची मोठी स्पर्धा तोंडावर आली की क्रीडा पानाच्या तळाशी एक चौकट हमखास दिसते. अमुक खेळाडूची दुखापतीमुळे माघार, सोबत जुना फोटो आणि शेवटी ‘चाहते निराश’. ज्याचा तो आवडता खेळाडू आहे, त्याला हवी ती माहिती नेमकी या चौकटीत नसते. काय दुखावले, कोणत्या बाजूचे, शस्त्रक्रिया झाली की नुसती विश्रांती, आणि आता कशाकडे लक्ष ठेवायचे? मग तो मोबाइल उघडतो. तिथे एक जण ‘संपला तो’ असे जाहीर करून मोकळा झालेला असतो, तर दुसरा छातीठोकपणे पुनरागमनाची तारीख सांगत असतो. दोघांच्याही हाती काही नसते. हे पत्र त्या चाहत्यासाठी आहे आणि थोडेफार आपल्या क्रीडा विभागासाठीही. म्हणणे एवढेच की, दुखापतग्रस्त खेळाडूच्या चाहत्याने तारखेवर डोळे लावून बसू नये, टप्पे मोजावेत.

उदाहरण पुण्याचेच देतो. जानेवारी २०२३ मध्ये बालेवाडीच्या टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेत क्रोएशियाच्या मारिन चिलिचला अग्रमानांकन होते. २०१४ चा हा अमेरिकन ओपन विजेता तेव्हा जागतिक क्रमवारीत सतरावा होता. एक सामना जिंकून तो उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि टॅलन ग्रीकस्पूरविरुद्ध कोर्टवर उतरलाच नाही. कारण गुडघा. ग्रीकस्पूरला पुढे चाल मिळाली आणि पुढे त्याने स्पर्धाही जिंकली. चिलिचने त्याच महिन्यातल्या ऑस्ट्रेलियन ओपनमधूनही अंग काढून घेतले. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, २०२४ मध्ये दुसरीही झाली. क्रमवारीत तो घसरत घसरत ७७७ व्या क्रमांकावर गेला. त्या क्रमांकावर असताना, सप्टेंबर २०२४ मध्ये, त्याने हांगझोऊची स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात झांग झिझेनला दोन्ही सेटमध्ये टायब्रेकरवर हरवून. १९९० मध्ये एटीपी टूर, म्हणजे पुरुषांची व्यावसायिक स्पर्धामालिका, सुरू झाल्यापासून इतक्या खालच्या क्रमांकाचा विजेता झालेला नव्हता. पुढच्या वर्षी विम्बल्डनमध्ये त्याने चौथ्या मानांकित जॅक ड्रेपरला त्याच्याच प्रेक्षकांसमोर घरी पाठवले. बालेवाडीतून हात हलवत परतलेल्या प्रेक्षकांपैकी किती जण हे वीस महिने त्याच्या मागावर राहिले असतील? फार नसावेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्या वीस महिन्यांत काय बघायचे हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.

सुरुवात दुखापत वाचण्यापासून करावी. स्नायू, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर), लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा बंध), कुर्चा आणि हाड या पाचांचे वेळापत्रक निरनिराळे असते. हाडाचे सर्वांत सरळ. मार्च २०२२ मध्ये इंडियन वेल्सला रफाएल नदालच्या बरगडीला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने पडणारी बारीक भेग) झाले. चार ते सहा आठवडे सांगितले होते आणि मेच्या सुरुवातीला तो माद्रिदमध्ये खेळलाही. हाडाची तारीख बहुधा पाळली जाते. स्नायूच्या फाटण्याला श्रेणी असते. पहिल्या श्रेणीत थोडे तंतू ताणलेले किंवा तुटलेले असतात, खेळाडू साधारण तीन आठवड्यांच्या आत परततो. दुसऱ्या श्रेणीला चार ते आठ आठवडे लागतात. तिसऱ्या श्रेणीत स्नायू जवळजवळ पूर्ण तुटलेला असतो आणि तीन महिन्यांच्या आत त्याचे नाव घेऊ नये. म्हणून बातमीत ‘श्रेणी दोन’ हे शब्द आले तर ते कापून ठेवण्यासारखे आहेत. ‘स्नायू दुखावला’ एवढेच आले तर त्यातून काहीच कळत नाही.

पोटाच्या स्नायूची गोष्ट मात्र वेगळी धरावी. सर्व्हिस करताना खेळाडू पाठीमागे कमान करतो, पोटाचा स्नायू पूर्ण ताणला जातो आणि पुढच्या क्षणी तोच स्नायू धड पुढे खेचतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा पोटस्नायू बहुधा यात फाटतो. गुडघ्याला पट्टा बांधता येतो, घोट्याला टेप लावता येते. पोटाला लावलेली पट्टी हा ताण फारसा कमी करत नाही. २०२२ च्या विम्बल्डनमध्ये नदालने टेलर फ्रिट्झविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना सर्व्हिसचा वेग मुद्दाम कमी ठेवून पाच सेटमध्ये ओढून नेला. स्नायूत ७ मिलिमीटरची फाट असल्याचे स्पॅनिश वृत्तपत्रांनी दिले. दुसऱ्या दिवशी त्याने उपांत्य सामन्यातून माघार घेतली आणि निक किरियोसला अंतिम फेरी खेळायला मिळाली. ‘एवढा जिंकला, मग एक सामना आणखी खेळला असता तर काय बिघडले असते?’ असे तेव्हा पुष्कळांनी विचारले. बिघडले असते ते असे: अशी फाट घेऊन आणखी शे-दीडशे सर्व्हिस केल्या की ती वाढते आणि दोन-तीन आठवड्यांचे दुखणे दोन-तीन महिन्यांचे होऊन बसते.

गुडघ्याबाबत सर्वाधिक गोंधळ होतो, कारण ‘गुडघ्यावर शस्त्रक्रिया’ या दोन शब्दांत फार निरनिराळ्या गोष्टी बसतात. गुडघ्यातल्या गादीच्या, म्हणजे मेनिस्कसच्या, बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला तो जवळपास नसतो. बाहेरची फाट टाके घालून शिवता येते, पण ती जुळून यायला चार ते सहा महिने द्यावे लागतात. आतला फाटलेला तुकडा कापून काढला तर खेळाडू चार ते सहा आठवड्यांत पळू लागतो. त्याची किंमत पुढच्या वर्षांत कुर्चेला मोजावी लागते. नोव्हाक जोकोविचच्या उजव्या गुडघ्यावर ५ जून २०२४ ला पॅरिसमध्ये शस्त्रक्रिया झाली. २७ दिवसांनी तो विम्बल्डनची पहिली फेरी खेळत होता, १४ जुलैला अंतिम सामना आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ऑलिंपिकचे सुवर्ण. टाके घातलेल्या गादीने हे होत नाही. दुसरीकडे रॉजर फेडररचे बघा. फेब्रुवारी २०१६ मध्ये गादीची शस्त्रक्रिया, एप्रिलमध्ये कोर्टवर, विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पराभव आणि मग उरलेले वर्ष बंद. त्या सहा महिन्यांच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर त्याने सतराव्या मानांकनावरून २०१७ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. त्याच फेडररच्या उजव्या गुडघ्यावर २०२० मध्ये दोनदा आणि २०२१ मध्ये तिसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. त्याच गुडघ्यावर दुसरी शस्त्रक्रिया जाहीर झाली की चाहत्याने आपला हिशेब नव्याने मांडावा, पहिल्या वेळचे महिने दुसऱ्या वेळी लागू पडत नाहीत.

मनगट हा माझ्या मते टेनिसमधला सर्वांत वाईट अवयव. एक तर ते प्रत्येक फटक्यात वापरले जाते, आणि दुसरे म्हणजे हल्लीच्या पकडीत चेंडूला भरपूर टॉपस्पिन देताना मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूवर सगळा भार येतो. तिथले टेंडन ज्या आवरणातून सरकते ते आवरण सुटले की प्रत्येक फोरहँडला टेंडन जागेवरून निसटू पाहते. २०२० चा अमेरिकन ओपन विजेता डॉमिनिक थीम याचे उजवे मनगट जून २०२१ मध्ये मायोर्कात असेच गेले. शस्त्रक्रियेऐवजी आधी विश्रांती आणि स्प्लिंट (मनगट स्थिर ठेवणारा आधार) निवडले गेले. तो परतला, सामने जिंकले, पण चेंडू फोडून काढणारा त्याचा जुना फोरहँड परत आला नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हिएन्नात त्याने रॅकेट खाली ठेवली. दोन हातांनी बॅकहँड मारणाऱ्याला दुसऱ्या मनगटाचीही धास्ती असते, कारण त्या फटक्यात वरचा हात खरे काम करतो. हुआन मार्टिन देल पोत्रो उजव्या हाताने खेळायचा, पण त्याच्या कारकिर्दीची वर्षे खाल्ली ती डाव्या मनगटाने, एकामागून एक तीन शस्त्रक्रिया करायला लावून. म्हणूनच बातमीत बाजू लिहिणे गरजेचे असते.

आता सांगितलेली तारीख का चुकते याविषयी. जानेवारी २०२३ मध्ये मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, मॅकेन्झी मॅकडोनाल्डविरुद्ध खेळताना नदालच्या डाव्या खुब्याजवळचा स्नायू गेला. श्रेणी दोन, सहा ते आठ आठवडे, असे जाहीर झाले. त्या हिशेबाने तो एप्रिलमध्ये माँटे कार्लोला दिसायला हवा होता. माँटे कार्लो गेले, बार्सिलोना गेले, माद्रिद, रोम, आणि मेमध्ये त्याने फ्रेंच ओपनही सोडल्याचे मायोर्कातल्या आपल्या अकादमीत जाहीर केले. जूनमध्ये बार्सिलोनात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. सहा आठवड्यांचे एक वर्ष झाले. यात कोणी खोटे बोलले असे नव्हे. पहिली तारीख एमआरआयच्या चित्रावरून दिलेली असते. चित्रात फाट दिसते. पण त्या स्नायूने चार तासांचा सामना, दुसऱ्या दिवशी सराव आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सामना सोसायचा आहे, हे चित्रात येत नाही. सरावात खेळाडू दुखऱ्या बाजूला नकळत वाचवतो आणि सगळे ठीक वाटते. सामन्यात गुणसंख्या ३०-४० असताना प्रतिस्पर्धी चेंडू कोपऱ्यात मारतो तेव्हा वाचवायला सवड नसते.

म्हणून टप्पे. माझ्या अनुभवी नजरेला जे क्रम विश्वासाचे वाटतात ते असे: हलके पळणे, मग जागेवर उभे राहून फटके, मग बाजूला धावत फटके, मग सर्व्हिस, मग बरोबरीच्या खेळाडूशी गुण मोजून सराव, आणि सर्वांत शेवटी लागोपाठ दोन दिवस तसा सराव. खांदा, पोट, कोपर यांच्या दुखापतीत सर्व्हिस सगळ्यात उशिरा येते. खेळाडूने सरावाची चित्रफीत टाकली आणि त्यात तो नुसते फोरहँड मारताना दिसला, तर हुरळून जाऊ नये. त्या चित्रफितीत सर्व्हिस का नाही, हा प्रश्न विचारावा. समाजमाध्यमावरच्या आनंदी इमोजींपेक्षा स्पर्धेची प्रवेशयादी जास्त खरे बोलते. ग्रँड स्लॅमच्या मुख्य सोडतीची, म्हणजे कोण कोणाशी खेळणार ते ठरवणाऱ्या तक्त्याची, प्रवेशयादी सहा आठवडे आधी ठरते. तिच्यात नाव असणे म्हणजे येणार असे नव्हे, क्रमवारीवरून नाव आपोआपही येते. मात्र त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या एखाद्या लहान स्पर्धेतही नाव दिले असेल, तर त्याला सामन्यांचा सराव हवा आहे, म्हणजे इरादा पक्का आहे, असे धरायला हरकत नाही.

क्रमवारीने घाबरून जाण्याचेही काही कारण नाही. ती गेल्या ५२ आठवड्यांचा हिशेब असते. मागच्या वर्षी ज्या आठवड्यात गुण मिळवले, ते या वर्षी त्याच आठवड्यात गळतात, मग खेळाडू घरी असो की कोर्टवर. ग्रँड स्लॅम विजेत्याचे एका झटक्यात २००० जातात. नदालचे २०२२ च्या फ्रेंच ओपनचे गुण जून २०२३ मध्ये गेले आणि तो एका सोमवारी पंधराव्या क्रमांकावरून १३६ व्या क्रमांकावर पोहोचला. उलट गंमतही होते. जून २०२२ मध्ये पॅरिसला नदालविरुद्धच्याच उपांत्य सामन्यात अलेक्झांडर झ्वेरेवचा उजवा घोटा मुरगळला, बाहेरच्या बाजूची तिन्ही लिगामेंट तुटली, कुबड्यांवर तो कोर्टवर परत येऊन नदालच्या हातात हात देऊन गेला. आणि दहाच दिवसांनी कारकिर्दीत प्रथमच तो जगात दुसरा झाला, कारण वरच्याचे गुण गळले होते! क्रमवारी पाठीमागे बघते. दुखापतीच्या काळात तिचा आणि खेळाचा संबंध तुटलेला असतो.

परत येताना हा क्रमांक आड येऊ नये म्हणून पुरुषांच्या टूरवर संरक्षित क्रमवारीची सोय आहे. निदान सहा महिने बाहेर राहिलेल्या खेळाडूला ती मागता येते. दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या त्याच्या क्रमांकांची सरासरी काढली जाते. परतल्यावर नऊ स्पर्धा किंवा नऊ महिने, यांतले जे आधी संपेल तोवर, प्रवेशासाठी हा सरासरी क्रमांक चालतो. बारा महिने किंवा अधिक काळ बाहेर असेल तर बारा स्पर्धा किंवा बारा महिने. मेख अशी की, हा क्रमांक फक्त दार उघडतो. मानांकन, म्हणजे सोडतीत सुरुवातीला बलाढ्य खेळाडूंपासून दूर ठेवणारी जागा, देत नाही. त्यामुळे एकेकाळचा तिसरा-चौथा खेळाडू पहिल्याच फेरीत पहिल्या किंवा दुसऱ्या मानांकितासमोर उभा राहू शकतो आणि ‘पुनरागमनात पहिल्याच फेरीत गारद’ असा मथळा होतो. सोडत न बघता तो मथळा वाचू नये. नऊ स्पर्धा जपून वापरायच्या असल्याने खेळाडू अधूनमधून वाइल्ड कार्ड (आयोजकांनी दिलेला थेट प्रवेश) घेतो किंवा चॅलेंजर, म्हणजे मुख्य टूरखालच्या दर्जाची स्पर्धा, खेळतो, ते उतरती कळा म्हणून नव्हे. महिलांच्या टूरचे नियम वेगळे आहेत, ते यात मिसळू नयेत.

सोडतीनंतर माघार झाली तर काय होते, हे २०१७ च्या अमेरिकन ओपनमध्ये चांगले दिसले. दुसरा मानांकित अँडी मरे याने खुब्याच्या दुखण्याने स्पर्धेच्या दोन दिवस आधी, शनिवारी, माघार घेतली. पहिल्या दिवसाचा कार्यक्रम जाहीर होण्याआधीची माघार असल्याने पाचवा मानांकित चिलिच त्याच्या जागी सरकला, चिलिचच्या जागी सतरावा सॅम क्वेरी, त्याच्या जागी फिलिप कोलश्रायबर आणि रिकाम्या राहिलेल्या शेवटच्या जागी पात्रता फेरीत हरलेला एक लकी लूझर. नदाल आणि फेडरर दोघेही सोडतीच्या वरच्या अर्ध्यातच राहिले, खालचा अर्धा मोकळा पडला आणि तिथून केविन अँडरसन अंतिम फेरीत आला. मरेच्या चाहत्यांनी त्या पंधरवड्यात टीव्ही बंद ठेवला असेल तर त्यांनी एक चांगली स्पर्धा घालवली. ज्या जागी आपला खेळाडू असता, त्या जागेवरून कोण पुढे जातो हे बघण्यात वेगळी मजा असते.

पुनरागमन कसे बघावे, यावर जास्त लिहितो, कारण चाहते इथेच फसतात. निकाल बाजूला ठेवून आधी सर्व्हिसच्या वेगाचा आकडा बघावा, तोही दुसऱ्या सर्व्हिसचा. पहिली सर्व्हिस माणूस उत्साहात मारतो. दुसरी दबावाखाली येते, आणि तिथे वेग एकदम पडला तर खांदा, कोपर किंवा पोट अजून भीत आहे. पोटाच्या दुखापतीनंतर चेंडू कमी उंच उडवला जातो आणि पाठीची कमान सपाट होते. उजव्या हाताचा खेळाडू सर्व्हिसनंतर डाव्या पायावर उतरतो, तेव्हा डावा गुडघा किंवा घोटा दुखावलेला असेल तर त्या उतरण्याकडे नजर ठेवावी. खुबा दुखत असेल तर फोरहँडच्या टोकाला गेल्यावर तो पाय रुंद टाकून थांबण्याऐवजी एक-दोन छोटी पावले जास्त टाकतो आणि मधोमध परतायला त्याला उशीर होतो. रॅली आठ-दहा फटक्यांची होऊ लागली की अकारण ड्रॉप शॉट (जाळीपलीकडे हलकेच टाकलेला फटका) मारणे, हेही एक लक्षण. दुखरी हालचाल टाळण्यासाठी तो गुण आटोपता घेत असतो.

देल पोत्रोचे २०१६ हे या बाबतीत पाठ्यपुस्तक आहे. फेब्रुवारीत डेलरे बीचला तो परतला तेव्हा क्रमवारीत हजाराच्याही खाली होता. डाव्या मनगटाला जपण्यासाठी तो दोन हातांचा बॅकहँड जवळपास मारतच नव्हता. एका हाताने चेंडूखाली रॅकेट घालून स्लाइस करत राहायचा आणि फोरहँडची संधी यायची वाट बघायचा. प्रतिस्पर्धी अर्थातच सगळे त्याच्या बॅकहँडवर टाकत. ज्यांनी फक्त निकाल पाहिले त्यांना साधारण हार-जीत दिसली. ज्यांनी बॅकहँड पाहिला त्यांना महिन्या-महिन्याला स्लाइस कमी होत गेलेले आणि दोन्ही हातांचा सपाट फटका एकेक करून परत आलेला दिसला. ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकच्या पहिल्याच फेरीत १४१ व्या क्रमांकाच्या या खेळाडूने अव्वल जोकोविचला ७-६, ७-६ असे हरवले आणि रौप्यपदकापर्यंत मजल मारली. वर्षअखेरीस अर्जेंटिनाने डेव्हिस कप जिंकला, त्यात तो होता.

पहिले दोन-चार पराभव मोजूच नयेत, हे जोकोविचच्या २०१८ वरून शिकावे. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर इंडियन वेल्सला तारो डॅनियलकडून, मायामीत बेन्वा पेअरकडून पहिल्याच सामन्यात हार. ‘आता हा पूर्वीचा राहिला नाही’ असे तेव्हा भल्याभल्यांनी लिहिले. जुलैमध्ये तो विम्बल्डन विजेता होता. आणि उलट, पहिल्या विजयाने टोप्याही उडवू नयेत. नदाल जानेवारी २०२४ मध्ये ब्रिस्बेनला परतला, थीमला हरवले, जेसन कुबलरला हरवले आणि चार दिवसांतल्या तिसऱ्या सामन्यात जॉर्डन थॉम्प्सनविरुद्ध तीन मॅच पॉइंट हातात असताना हरला. स्नायू पुन्हा तक्रार करू लागला होता, ऑस्ट्रेलियन ओपन गेली. दुखापतीतून आलेल्या खेळाडूची खरी परीक्षा पहिल्या सामन्यात नसते, लागोपाठच्या दिवशीच्या सामन्यात असते. ग्रँड स्लॅममध्ये सामने पाच सेटचे असले तरी मधे सहसा एक दिवस मिळतो. तीन सेटच्या लहान स्पर्धेत तो मिळेलच असे नाही.

टप्पे किती शहाणपणाने घेता येतात ते मरेने दाखवले. जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या उजव्या खुब्याचे रिसर्फेसिंग झाले: मांडीच्या हाडाचा गोळा कापून न टाकता त्यावर, दाताला कॅप बसवतात तशी, धातूची टोपी बसवली जाते आणि समोर धातूची वाटी. दुहेरीतल्या बॉब ब्रायनने आधी हेच करून घेतले होते आणि तो कोर्टवर परतला होता. मरेने जूनमध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबला फेलिसियानो लोपेझसोबत फक्त दुहेरी खेळली (जिंकलीही), जुलैमध्ये विम्बल्डनला सेरेना विल्यम्ससोबत मिश्र दुहेरी, ऑगस्टमध्ये एकेरी आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्पला स्टान वावरिंकाला हरवून एकेरीचे विजेतेपद. दुहेरीत अर्धेच कोर्ट सांभाळायचे असते, रॅली लहान असतात, तरी सर्व्हिस, रिटर्न आणि सामन्याचा ताण खरा असतो. तुमचा खेळाडू दुहेरीत नाव देत असेल तर नाक मुरडू नका. ती पायरी आहे.

सामना अर्धवट सोडणाऱ्यावर प्रेक्षक भडकतात, त्याबद्दल. जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नच्या उपांत्य सामन्यात जोकोविचने एका सेटनंतर झ्वेरेवविरुद्ध सामना सोडला तेव्हा त्याची हुर्यो उडवली गेली, आणि झ्वेरेवनेच माइक घेऊन प्रेक्षकांना आवरले. पाठोपाठ मांडीच्या स्नायूचा एमआरआय समोर आला. फिजिओला कोर्टवर बोलावले की उपचाराला तीन मिनिटे मिळतात, तपासणीचा वेळ वेगळा. नुसते गोळे आले असतील तर ती तीन मिनिटेही नाहीत, बाजू बदलतानाच्या विश्रांतीत काय होईल ते. खोटे दुखणे घेऊन वेळ काढणारे आहेत, नाही असे नाही. पहिल्या फेरीच्या रकमेसाठी दुखापत लपवून उतरणारेही होते. २०१७ च्या विम्बल्डनमध्ये सेंटर कोर्टवर एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने प्रतिस्पर्ध्यांनी सोडल्यामुळे अर्ध्यातच संपले, जोकोविचचा आणि फेडररचा. पुढच्या वर्षीपासून ग्रँड स्लॅमनी नियम केला की, स्पर्धेआधी वेळेत माघार घेणाऱ्याला पहिल्या फेरीची निम्मी रक्कम मिळेल आणि उरलेली निम्मी त्याच्या जागी येणाऱ्या लकी लूझरला. चांगला नियम आहे. तिकीट काढणाऱ्याने मात्र पक्के धरून चालावे की तिकीट कोर्टाचे आणि सत्राचे असते, खेळाडूचे नव्हे; त्याने माघार घेतली म्हणून पैसे परत मिळत नाहीत. परदेशी जाऊन सामना बघायचा असेल तर अंतिम फेरीच्या एका महागड्या तिकिटापेक्षा पहिल्या तीन-चार दिवसांची ग्राउंड तिकिटे घ्यावीत. एक जण गळला तरी पंधरा कोर्टांवर खेळ चालूच असतो.

मधल्या महिन्यांत काय करायचे? टेनिस सोडू नये, एवढे खरे. आपल्याकडून बघायच्या वेळाही वर्षभर सोयीच्याच येतात असे नाही: ऑस्ट्रेलियन ओपन पहाटे साडेपाचला, पॅरिस दुपारी अडीचला, विम्बल्डनचे सेंटर कोर्ट संध्याकाळी सहाला, न्यूयॉर्कचे रात्रीचे सत्र पहाटे साडेचारला. आवडत्यासाठी झोपमोड करणाऱ्याने त्याच्या गैरहजेरीत निदान सोयीच्या वेळेचे सामने पाहावेत, आणि त्यात दुहेरीही पाहावी. रोहन बोपण्णाच्या गुडघ्यातली कुर्चा झिजून गेली होती. त्याने अय्यंगार योगाचा आधार घेतला, ज्याचे माहेरघर पुण्यात आहे, आणि २०२४ मध्ये वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मॅथ्यू एब्डनसोबत ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकून तो जगात पहिला झाला. युकी भांबरीला गुडघ्याने एकेरीतून जवळजवळ उठवले. तो दुहेरीकडे वळला आणि २०२५ मध्ये मायकेल व्हीनससोबत अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचला. या दोघांचे एकेरीचे चाहते मधेच निघून गेले असतील तर त्यांचे नुकसान झाले.

काही खेळाडू परत येत नाहीत, हेही मान्य करायला हवे. पुनरागमनाची तारीख सारखी पुढे जाऊ लागते, मोठ्या स्पर्धांऐवजी फक्त मायदेशातली एखादी स्पर्धा ठरते, प्रशिक्षक दुसऱ्याकडे जातो. देल पोत्रोच्या गुडघ्याची वाटी ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायला फुटली, पुढच्या जूनमध्ये पुन्हा, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्यूनस आयर्सला तो खेळला ते निरोपापुरते. अशा वेळी ‘आणखी एक शस्त्रक्रिया कर’ असा आग्रह धरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, त्या माणसाला उरलेले आयुष्य जिनेही चढायचे असतात.

क्रीडा विभागाला विनंती आहे. दुखापतीची बातमी त्याच चार ओळींत द्यावी, पण त्यांत अवयव, बाजू, श्रेणी किंवा शस्त्रक्रियेचा प्रकार आणि माहिती कोणी दिली, खेळाडूने, स्पर्धेने की ‘सूत्रांनी’, एवढे असावे. सोडत छापताना नावापुढची संरक्षित क्रमवारीची ‘पीआर’ ही खूण गाळू नये, म्हणजे सातशेव्या क्रमांकाचा माणूस मुख्य फेरीत कसा, हे वाचकाला कळेल. आणि बालेवाडीला चॅलेंजर किंवा मुंबईत सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) महिलांची १२५ दर्जाची, म्हणजे मुख्य टूरखालची, स्पर्धा भरेल, तेव्हा पात्रता फेरीपासून बातमी द्यावी. दुखापतीतून परतणारे पुष्कळ जण अशाच कोर्टांवरून वर येतात, आणि तिथे खुर्ची इतकी जवळ असते की दुसऱ्या सर्व्हिसला मनगट कचरते का ते उघड्या डोळ्यांनी दिसते.

आपला,
एक टेनिसप्रेमी वाचक
पुणे